मात्स्यकाय, चिंबोरी आणि देवमासा : स्वभावनामांतील प्राणी आणि खारदांड्याची बोली

चरकसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या सत्त्वाचे, म्हणजे मनोघडणीचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस. तामसांतील मधला प्रकार ‘मात्स्य’ होय. या प्रकारचा माणूस भित्रा, अजाण, खाण्याचा लोभी, एका जागी न ठरणारा, काम आणि क्रोध यांना चिकटून असलेला, सतत हालचाल करणारा आणि पाण्याची ओढ असलेला असतो, असे चरकाचे वर्णन आहे. सुश्रुताने याच माणसाच्या पदरी आणखी एक दोष बांधला आहे, तो म्हणजे परस्परांना चिरडण्याची वृत्ती. पीएच.डी.च्या कामासाठी संदर्भ धुंडाळताना हे वर्णन प्रथम वाचनात आले, तेव्हा प्रस्तुत लेखकाला थोडे हसू आले आणि थोडा रागही आला. लेखकाचे घर खारदांड्याच्या कोळीवाड्यातले. पाण्याची ओढ, सततची हालचाल आणि मासळीशिवाय घशाखाली न उतरणारा घास ही लक्षणे धरली, तर आमची सगळी आळी तामस ठरते.

राग ओसरल्यावर प्रश्न उरला तो असा, की हे वर्णन करणाऱ्याने मासा कोठून पाहिला असावा? माणसाच्या स्वभावाला प्राण्याचे नाव देताना आपण त्या प्राण्याविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक आपण कोठे उभे आहोत ते सांगत असतो. प्रस्तुत लेखात प्राण्यांवरून स्वभावप्रकार ठरवण्याच्या आपल्याकडील काही जुन्या पद्धती, मराठी भाषेतील तशी स्वभावनामे आणि खारदांड्याच्या कोळी बोलीतील व्यवहार यांचा एकत्र विचार करावयाचा आहे. विषय मोठा आहे. येथे जलचरांपुरताच तो मर्यादित केला आहे.

चरकाच्याच यादीत थोडे वर गेले की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सात्त्विक प्रकारांमध्ये ‘वारुण’ नावाचा एक प्रकार आहे. हा माणूस शूर, धीराचा, शुचिर्भूत, यज्ञ करणारा, योग्य ठिकाणी रागावणारा आणि योग्य ठिकाणी प्रसन्न होणारा असतो. आणि त्याला जलविहाराची आवड असते. म्हणजे पाण्याची ओढ दोघांनाही आहे. वरुणाच्या नावाने जो पाण्यात उतरतो त्याची ती आवड सात्त्विक, आणि माशाच्या नावाने जो उतरतो त्याची तामस. गुण एकच, पण एकाकडे देवाच्या दृष्टीने पाहिले आहे आणि दुसऱ्याकडे ताटातल्या पदार्थाच्या दृष्टीने. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारा कोळी या दोहोंपैकी कोणत्या रकान्यात बसवायचा, याचे उत्तर संहितेत नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. कारण ती संहिता त्याच्यासाठी लिहिलेली नव्हती.

वाग्भटाची पद्धत निराळी. अष्टांगहृदयात वात, पित्त आणि कफ या तीन प्रकृतींच्या माणसांना प्राण्यांची साम्ये दिली आहेत. वातप्रकृतीची माणसे कुत्रा, कोल्हा, उंट, गिधाड, उंदीर, कावळा यांच्यासारखी. पित्तप्रकृतीची वाघ, अस्वल, माकड, मांजर यांच्यासारखी. कफप्रकृतीची हंस, हत्ती, सिंह, घोडा, गाय, बैल यांच्यासारखी. येथे मासा नाहीच. वास्तविक कफाचा जलाशी संबंध असताना कफाच्या यादीत एखादा जलचर यावा अशी अपेक्षा होती. पण तेथेही पाण्यावर तरंगणारा हंसच आला आहे, पाण्याखालचे काही आले नाही. कामशास्त्रातील शश, वृष, अश्व आणि मृगी, वडवा, हस्तिनी हे वर्ग तर सर्वस्वी भूचर. भरताच्या नाट्यशास्त्रात स्त्रियांच्या शीलांची जी दीर्घ यादी आहे, तिच्यात मात्र मीन आणि मकर दोन्ही आढळतात. मत्स्यशीलेचे वर्णन करताना ती चंचल, फारशी पापणी न लवणारी, पुष्कळ सेवक आणि पुष्कळ मुले असलेली व जलप्रिय असते असे सांगितले आहे. पापणी न लवणे हे निरीक्षण अचूक आहे, कारण माशाला पापणी नसतेच. चरकापेक्षा भरताने मासा जवळून पाहिला होता असे म्हणावेसे वाटते. नाटकवाल्यांना डोळ्यांकडे पाहण्याची सवय असते.

पण ग्रंथांतल्या या याद्या विद्वानांच्या. सामान्य मराठी कुटुंबाच्या आयुष्यात प्राण्यांवरून माणूस ठरवण्याची जी पद्धत आजही प्रत्यक्ष परिणाम घडवते, ती पत्रिकेतील योनिकूटाची. विवाहाच्या गुणमेलनात छत्तीस गुणांपैकी चार गुण योनीचे असतात. नक्षत्रांची वाटणी चौदा योनींमध्ये केलेली आहे: अश्व, गज, मेष, सर्प, श्वान, मार्जार, मूषक, गौ, महिष, व्याघ्र, मृग, वानर, नकुल आणि सिंह. यांत वैराच्या सात जोड्या आहेत. गाय आणि वाघ, मांजर आणि उंदीर, साप आणि मुंगूस यांचे वैर समजण्यासारखे आहे; घोडा आणि रेडा किंवा मेंढा आणि वानर यांचे भांडण नेमके कशावरून झाले, याचा शोध एखाद्या जिज्ञासूने अवश्य घ्यावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या चौदांमध्ये एकही जलचर नाही. राशिचक्रात मीन आहे, कर्क आहे, मकर आहे. पण मीन राशीत येणाऱ्या नक्षत्रांची योनी पाहावी तर पूर्वाभाद्रपदेची सिंह, उत्तराभाद्रपदेची गाय आणि रेवतीची हत्ती. राशीने मासा असलेला माणूस योनीने हत्ती निघतो. ज्या मुलीने वाघ केवळ प्राणिसंग्रहालयात पाहिला आहे, तिचे स्थळ ती ‘व्याघ्रयोनीची’ आणि मुलगा ‘गौयोनीचा’ म्हणून परत जाते. कोळीवाड्यातील पत्रिका पाहणाराही हेच कोष्टक वापरतो. ही सर्व व्यवस्था शेत, गोठा, रान आणि राजाची पागा यांच्या परिसरात तयार झाली, आणि समुद्रकाठच्या माणसाने ती जशीच्या तशी उचलली.

पाश्चात्त्यांकडेही हा उद्योग जुना आहे. इटलीतील देल्ला पोर्ताने १५८६ मध्ये माणसाचे चेहरे आणि प्राण्यांची तोंडे शेजारी शेजारी छापून स्वभावनिदानाचा ग्रंथ रचला. आज मुंबईतल्या कार्यालयांत होणाऱ्या व्यक्तिमत्त्वविकासाच्या कार्यशाळांमध्ये प्रश्नावली भरून घेऊन माणसाला गरुड, घुबड, मोर किंवा कबूतर ठरवण्यात येते. काही प्रश्नावल्यांत रानटी प्राण्यांची निवड अधिक ऐसपैस असते आणि त्यांत देवमासाही असतो: शांत, गंभीर, कुटुंबवत्सल, खोल विचार करणारा. अशाच एका कार्यशाळेत प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला देवमासा आला होता. शेजारच्या सहकाऱ्याला घुबड मिळाले. परंपरेने घुबडाला काय मानले आहे हे ठाऊक असल्यामुळे तो दिवसभर नाराज होता. त्या कागदावर मात्र घुबड म्हणजे चिकित्सक बुद्धी असे लिहिलेले होते. प्राणी तोच, देश बदलला की स्वभाव बदलतो.

आता मराठी भाषेकडे वळू. मराठीत माणसाला प्राण्याचे नाव देण्याच्या दोन रीती आहेत. एक थेट नामकरणाची: गरीब गाय, मुखदुर्बळ मेषपात्र, धूर्त कोल्हा, चिकट घोरपड, रंग बदलणारा सरडा. दुसरी म्हणीची, जिच्यात प्राण्याला एका प्रसंगात उभे करून माणसाविषयी बोलले जाते. पहिल्या रीतीत स्वभाव ठाम होऊन बसतो. कोल्हा एकदा धूर्त ठरला की तो कधी भुकेला, आजारी किंवा पिलांची काळजी करणारा नसतो. दुसऱ्या रीतीत थोडी मोकळीक असते. ‘सुसरबाई तुझी पाठ मऊ’ या म्हणीत सुसर क्रूर आहे असे कोठेही म्हटलेले नाही. तिची पाठ मऊ नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, सुसरीलाही ठाऊक असावे. आणि तरीही ते वाक्य उच्चारले जाते, कारण बोलणारा पाण्यात आहे. ही म्हण सुसरीच्या स्वभावाची नाहीच; ती बोलणाऱ्याच्या प्रसंगाची आहे. ‘बाई’ या संबोधनातली अदब तर पाहण्यासारखी. ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ ही म्हणही तशीच प्रसंगाची. पाण्याशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांच्या म्हणींमध्ये स्वभावापेक्षा प्रसंग पुढे येतो की काय, असा विचार येथे मनात डोकावतो, आणि खारदांड्याच्या बोलीकडे पाहिले की तो बळावतो.

संतकवितेत मासोळी आली ती पाण्यावाचून तळमळणाऱ्या भक्ताचे रूप म्हणून. चरकाने ज्या जलासक्तीला तामस म्हटले, तीच येथे भक्तीची परमावधी झाली. नाथपरंपरेत तर मत्स्येंद्रनाथांनी शिवाचा उपदेश माशाच्या पोटी राहून ऐकला अशी कथा आहे. अजाण म्हणून ज्याची गणना झाली, तोच प्राणी येथे श्रवणाचा अधिकारी ठरला. जलचराविषयीची परंपरा एकसुरी नव्हती एवढे लक्षात आणून देण्यापुरता हा उल्लेख. त्याच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही.

खारदांडा हे खारच्या पश्चिमेला, वांद्रे आणि जुहू यांच्या दरम्यान समुद्राला लागून असलेले गाव. ‘खार’ म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन आणि ‘दांडा’ म्हणजे पाण्यात शिरलेला वाळूचा किंवा खडकाचा लांबट पट्टा. अलिबागजवळच्या रेवदांड्यातही तोच ‘दांडा’ आहे. आज गावाच्या तीन बाजूंना उंच इमारती असल्या तरी चौथ्या बाजूला होड्या आहेत, जाळी आहेत आणि बोंबील वाळवण्याच्या बांबूंच्या मांडण्या आहेत. बोंबील वाळत घालताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगतात. ओला बोंबील हा बहुतांशी पाणीच, हातात धरला तर लोळागोळा होणारा. तोच उन्हात वाळला की काठीसारखा ताठ होतो. बाहेरच्या मराठीत सडपातळ माणसाला ‘सुका बोंबील’ म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. आमच्या घरी मात्र एखादा मुलगा फार मऊ निघाला तर ‘अजून ओला हाय’ असे म्हणत. त्यात त्याची निंदा नव्हती. वाळायचा आहे, एवढाच अर्थ.

चिंबोरीची गोष्ट याहून सूचक आहे. अमावास्येच्या सुमाराच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असे किनाऱ्यावर सर्वत्र मानतात. विकत घेणारी जाणती गिऱ्हाइकेही तिथी पाहून येतात. चिंबोरी कात टाकते तेव्हा तिचे कवच काही काळ मऊ असते आणि ती बिळात किंवा खडकाच्या फटीत दडून राहते. म्हणून ‘चिंबोरीसारखा’ एवढे म्हटल्याने कोळीवाड्यात काहीच सांगून होत नाही. कोणत्या तिथीची चिंबोरी, हे सांगावे लागते. आमच्या आळीत एका बढाईखोर गृहस्थांना ‘पुनवेची चिंबोरी’ म्हणत. बाहेरून नांग्या मोठ्या, आत काही नाही. पण पुनव कायम राहत नाही हेही त्या नावात गृहीत होतेच; पुढे त्यांनी धंद्यात बरे केले आणि नाव आपोआप गळून पडले.

निवटी हा असाच एक मासा. ओहोटीला चिखलावर येतो, कल्ल्यांजवळच्या पंखांवर सरपटतो, उड्या मारतो आणि भरती आली की पुन्हा पाण्याशी जुळवून घेतो. प्रस्तुत लेखक कॉलेजात जाऊ लागला तेव्हा त्याच्या मावशीने त्याला ‘निवटी’ म्हणायला सुरुवात केली. सकाळी चिखलावर, संध्याकाळी पाण्यात. हे नाव चिकटून राहिले असते तर दुखावले असते. पण मावशी ते फक्त संध्याकाळी, लेखक घरी परतल्यावर वापरीत असे. सुट्टीच्या दिवशी तो साधा पोरगाच असे.

या उदाहरणांवरून एक विधान मांडता येईल. देशावरच्या आणि ग्रंथांतल्या स्वभावनामांत प्राणी हा माणसाचा ‘प्रकार’ सांगतो. कोळी बोलीत तो माणसाची ‘अवस्था’ सांगतो. या फरकामागे व्यवसायाचे कारण आहे. खारदांड्याच्या परिसरात बोंबील आणि जवळा पकडण्यासाठी डोल नावाचे जाळे वापरतात. हे पिशवीसारखे लांब जाळे पाण्यात एका जागी पक्के केलेले असते आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे असते. जाळे माशाचा पाठलाग करीत नाही. भरती-ओहोटीचा ओढा मासळी आत घेऊन येतो. उधाणाला ओढा मोठा, भांगाला तो मंद. ज्याचे पोट या ओढ्यावर आहे, त्याला माशाच्या हालचालीत माशाचा स्वभाव दिसत नाही, पाण्याची चाल दिसते. चरकाने ज्याला एका जागी न ठरणे म्हटले, ते डोलवाल्याच्या दृष्टीने माशाचे नसून समुद्राचे आहे. तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाची सावली पाण्यावर पडली की मासे पळतात. त्याने त्यांना भित्रे म्हणावे हे स्वाभाविकच. त्याला आपली सावली दिसत नाही.

येथवरची चर्चा निरुपद्रवी म्हणता येईल. परंतु प्राण्याचे नाव जेव्हा एका माणसाला न देता साऱ्या समाजाला दिले जाते, तेव्हा ती निरुपद्रवी राहत नाही. ‘खेकडा वृत्ती’ हा शब्दप्रयोग याचे ठळक उदाहरण होय. उघड्या टोपलीतले खेकडे बाहेर पडत नाहीत, कारण एक वर चढू लागला की बाकीचे त्याला खाली ओढतात, आणि मराठी माणूस असाच आहे, हा दृष्टान्त गेल्या काही दशकांत इतक्या व्यासपीठांवरून सांगितला गेला आहे, की तो दृष्टान्त आहे हेच लोक विसरले आहेत. एका महाविद्यालयाच्या समारंभात पाहुण्यांनी तो सांगितला तेव्हा सभागृहात हशा पिकला. प्रस्तुत लेखकही हसला. घरी येऊन त्याने तो आईला सांगितला. आईने चाळीस वर्षे पाटी घेऊन मासळी विकली आहे. तिला हसू आले नाही. ती म्हणाली, ‘त्यांना पाटीन टाकली कोनी?’

हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारायला हवा होता. टोपली हे खेकड्याचे घर नव्हे. खडकावर किंवा खाजणातल्या बिळात चिंबोरी एकेकटी राहते. ढिगाने राहण्याची तिला सवय नाही. टोपलीत तिला आधार सापडत नाही, म्हणून जे जवळ असेल ते ती नांगीत धरते, आणि जवळ असते ती दुसरी चिंबोरी. ओढणे हा तिचा हेतू नाही. कोळणी चिंबोरीच्या नांग्या दोरीने बांधतात त्याचे कारणही हेच: एकत्र कोंडल्यावर त्या एकमेकींच्या नांग्या मोडतात, आणि मोडक्या नांगीला भाव येत नाही. दृष्टान्त सांगणारा टोपली पाहतो, तिच्यातली धडपड पाहतो, मात्र टोपली विणणारा, ती उचलणारा आणि बाजारात मांडणारा यांना तो चित्रात घेत नाही. गिरण्या बंद पडल्या, गावठाणे आणि कोळीवाडे इमारतींच्या मध्ये सापडले, एका जागेसाठी हजार अर्ज आले, आणि ‘हे लोक एकमेकांचे पाय ओढतात’ असा निष्कर्ष निघाला. परंपरेतील खेकडा तर अगदी निराळा आहे. पंचतंत्रातील कुलीरक हा, माशांना दुसऱ्या तळ्यात पोचवण्याच्या मिषाने खाणाऱ्या ढोंगी बगळ्याचा गळा कापतो आणि उरलेल्या माशांना सावध करतो. तो सामूहिक हिताचा जागरूक रक्षक आहे. आपल्या वक्त्यांना हा खेकडा का आठवत नाही, याचे आश्चर्य वाटते.

‘सभागृहाचा मासळीबाजार झाला’ या वाक्प्रचाराचेही थोडेबहुत असेच आहे. वर्तमानपत्रांना तो फार प्रिय आहे. लिलावाच्या वेळी वारा, लाटा आणि इंजिने यांच्या आवाजावर स्वर चढवून भाव पुकारावा लागतो, आणि त्या गोंगाटात प्रत्येक बोली ज्याची त्याला बरोबर ऐकू येते. तेथे शिस्त नसती तर मासळी दुपारपर्यंत नासली असती. पण यावर अधिक लिहिणे म्हणजे स्वतःच्या आळीची वकिली होईल.

साहित्यात प्राणी कसे येतात याची दोन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्यात एका कुटुंबाचा हावरट क्रूरपणा गिधाडांच्या नावाने उभा केला आहे. नाटकाच्या सामर्थ्याविषयी दुमत नाही. मात्र गिधाड मारत नाही, मेलेले खाते, आणि तेवढ्या अर्थाने ते त्या कुटुंबापेक्षा बरे. पुढे १९९० नंतरच्या काळात गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडेच मोठ्या प्रमाणावर नाहीशी झाली; २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रूपक टिकले, पक्षी दुर्मिळ झाला. याउलट व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या १९८२ च्या कादंबरीत वानरांच्या टोळ्यांमधील सत्तासंघर्ष वानरांचाच म्हणून पाहिला आहे. माणसाचे साम्य वाचकाला दिसते, पण लेखक ते वानरांच्या माथी मारत नाही. प्राण्याला प्रकार न मानता प्रसंगात पाहण्याची ही दृष्टी कोळी बोलीच्या जवळची आहे, जरी माडगूळकरांचे रान समुद्रापासून दूर असले तरी.

आता देवमासा. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो मासा नव्हे. तो सस्तन प्राणी आहे, फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. संस्कृतात ‘तिमी’, त्याला गिळणारा ‘तिमिंगिल’ आणि त्यालाही गिळणारा ‘तिमिंगिलगिल’ अशी गिळणाऱ्यांची चढती भाजणी आहे. मत्स्यन्यायाची कल्पना तेथे आपल्या टोकाला पोचते. कालिदासाने मात्र रघुवंशाच्या तेराव्या सर्गात, राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवतो त्या प्रसंगी, निराळे चित्र दिले आहे. नदीच्या मुखाशी तिमी तोंड उघडून जीवजंतूंसह पाणी आत घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरच्या रंध्रांतून पाण्याचे प्रवाह वर उडवतात. वर उडते ते तोंडातले पाणी नसून उच्छ्वास आणि त्यासोबतचे तुषार असतात, एवढी दुरुस्ती सोडली तर हे वर्णन विलक्षण नेमके आहे. ज्या देवमाशांना दात नसून तोंडात कंगव्यासारख्या पट्ट्या असतात, ते अशाच रीतीने पाणी गाळून बारीक मासळी खातात. कालिदासाचा तिमी कोणाला गिळण्याच्या ईर्ष्येने पेटलेला नाही. तो जेवतो आहे.

मराठी नावातील ‘देव’ हा शब्द केवळ आकाराचा वाचक आहे असे सहसा समजतात. परंतु ‘देव’ हे पूर्वपद मराठीत आणखी कोठे येते ते पाहावे. ‘देवभात’ म्हणजे कोणी न पेरता उगवणारे रानटी भात. ‘देवराई’ म्हणजे जेथे कुऱ्हाड चालवायची नाही असे रान. ‘देवमाणूस’ म्हणजे ज्याला व्यवहारात वापरून घेणे आपल्यालाच अपराधासारखे वाटते असा माणूस. न पेरलेले, न तोडायचे, न वापरायचे, असा या पूर्वपदाचा एक समान अर्थ दिसतो. त्या न्यायाने देवमासा म्हणजे जाळ्याच्या हिशेबाबाहेरचा मासा. कार्यशाळेतील कागदावरचा शांत, गंभीर, कुटुंबवत्सल देवमासा आणि हा देवमासा यांत अंतर आहे. येथे त्याला स्वभाव दिलेलाच नाही. तो आपल्या मोजमापात येत नाही, एवढेच नावाने सांगितले आहे.

तो किनाऱ्यावर येतो तेव्हा मात्र मोजला जातो. जून २०१५ मध्ये रेवदांड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला. त्याला पाण्यात परत लोटण्याचे प्रयत्न झाले, पण तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर, म्हणजे खारदांड्याच्या अगदी शेजारी, सुमारे ३५ फुटांचा ब्रायडे जातीचा देवमासा मृतावस्थेत आला. दोन दांड्यांना सात-आठ महिन्यांच्या अंतराने दोन देवमासे लागले, हा केवळ योगायोग. परंतु जुहूला पाहायला गेलेल्या आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी ‘दर्याचा आला’ एवढेच म्हटले. त्याच्यावर कोणताही स्वभाव लादला नाही.

स्वभाव लादल्याने कधी भलेही होते हे मान्य केले पाहिजे. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर व्हेल शार्क या प्रचंड माशाची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. पण कायद्याने जे साधले नसते ते २००४ पासून मुरारीबापूंनी एका रूपकाने साधले. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, तिला कोण मारील, असे त्यांनी कोळ्यांना सांगितले आणि तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव दिले. त्यानंतर जाळ्यात अडकलेली व्हाली सोडवण्यासाठी कोळी स्वतःची जाळी कापू लागले. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जलचरांना सोडवताना जाळे कापावे लागल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची सरकारी योजना आहे. तरीही दोन्हींतला फरक लक्षात यावा. ‘लेक’ हा स्वभावप्रकार नाही. ते नाते आहे, आणि तेही विशिष्ट प्रसंगातले: लेक बाळंतपणाला आलेली असते, ती परत जाणार असते. येथेही प्राण्याला प्रसंग दिला आहे. खेकड्याला तो कोणी दिला नाही.

गेली काही वर्षे प्रस्तुत लेखक खारदांड्यातील अशा शब्दांची कार्डे तयार करतो आहे. नेहमीच्या कोशपद्धतीप्रमाणे शब्द, लिंग, अर्थ आणि उदाहरण असे चार रकाने प्रथम आखले होते. आईला शब्द विचारू लागल्यावर ते अपुरे पडले. तिने सांगितलेल्या प्रत्येक नावापुढे ती आपणहून महिना सांगते, आणि पुष्कळदा तिथीही. आता कार्डावर पाचवा रकाना आहे: उधाण की भांग. ‘पुनवेची चिंबोरी’च्या कार्डावर तो भरला आहे. ‘निवटी’च्या कार्डावर आईने ‘सुकती’ लिहायला सांगितले, आणि खाली, माझ्या हस्ताक्षरात, ‘फक्त संध्याकाळी’ अशी एक नोंद आहे.